बाबाची जुनी दुनळी बारा बोअर : गंज, जाम लिव्हर अन् काडतुसं कोणती?

पांदणवाला, घाटंजी

नमस्कार राजेहो, जाणकारांनी जरा सांगा. आमच्या बाबाची दुनळी बारा बोअर आहे, विलायती बनावटीची, आजोबानं घेतलेली, पीक संरक्षणाच्या लायसनवर. बाबा गेल्यावर बंदूक जमा करून ठेवली होती, वारस म्हणून लायसन माझ्या नावानं व्हायले बराच वेळ गेला, भावा-बहिणींचं ना हरकत, प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट, सगळं झालं अन् आता बंदूक घरी आणली. आणून पाहतो त नळ्यांवर लाल ठिपके, बंदूक उघडायचा लिव्हर असा जाम की दोन्ही हातानं जोर लावावा लागते, दस्त्याचं लाकूड कोरडं पडून पांढरं दिसून राह्यलं. सगळा पावसाळा चामड्याच्या पेटीतच होती ती. सोबत बाबाची काही जुनी काडतुसंही निघाली, कागदी खोळीची, थोडी फुगल्यासारखी.

दुकानदार म्हणते बारा बोअर म्हणजे बारा बोअर, ७० एमएमचं कोणतंही घेऊन जा. चुलतभाऊ म्हणते खोबऱ्याचं तेल सोड, चालू होते. तूर फुलावर आहे, रोही (नीलगाय) अन् डुक्कर रोज रात्री वावरात, मी जागलीवर जातो त सोबत न्यायचा विचार आहे. आधी काय काय पाहून घेऊ? बाबाची वस्तू आहे, खराब नाही होऊ द्यायची मले.

काळीमाती, अकोला

भाऊ, मिस्त्रीच्या हाताखालून जात नाही तोवर तिच्यात काडतूस टाकूच नको. अन् रिकाम्या बंदुकीचा चाप खटखट ओढूनही पाहू नको, जुन्या बंदुकीच्या पिना त्यानं तुटतात. स्नॅप कॅप म्हणून खोटं काडतूस मिळते ते टाकूनच चाप पाहायचा.

आता ७० एमएमचं नीट समजून घे, कारण दुकानदारानं तुले अर्धंच सांगितलं. बारा बोअर म्हणजे फक्त नळीचा आतला घेर, साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास. काडतूस जिथं बसते ते चेंबर किती लांब आहे ही वेगळी गोष्ट. जुन्या विलायती दुनळीत चेंबर बहुतेक अडीच इंची असते, म्हणजे ६५ एमएम. अन् काडतुसावर जे ७० लिहिलेलं असते ती लांबी बार उडाल्यावर तोंड उघडलेल्या खोळीची असते. न उडालेल्या काडतुसाचं तोंड मुडपलेलं राहते म्हणून ते आखूड असते, ६५ च्या चेंबरात आरामात बसते, बंदूक बंदही होते, कुठंच अडत नाही. इथंच माणूस फसते. उडताना तोंड उघडाले जागा नसते, ते पुढच्या निमुळत्या भागात उघडते, छर्रे जायची वाट आवळते अन् दाब वाढते. जुनी नळी एखाद्या वेळी सहन करन, दहा वेळा करन, पण फाटली त डाव्या हाताची बोटं तिच्याच खाली असतात. म्हणून बसलं म्हणजे चाललं असं धरू नको.

पाहायचं कुठं ते सांगतो. पुढचं लाकूड काढ, नळ्या वेगळ्या कर, नळ्यांच्या बुडाशी खालून चपटी जागा असते तिथं बारीक शिक्के असतात. लंडन नाहीत बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे, म्हणजे नळी दाबाले तपासून शिक्का मारते त्या संस्थेचे. त्यात अडीच इंच किंवा पावणेतीन इंच असं लिहिलेलं सापडू शकते, नायट्रो प्रूफ, म्हणजे आताच्या बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली, असं लिहिलेलं सापडू शकते. नायट्रोचं काही नसन अन् नळीवर नक्षी दिसत असन, पाण्याच्या लाटांवानी, त ती दमास्कस नळी, काळ्या दारूच्या जमान्यातली, तिच्यात आताचं काडतूस उडवायचंच नाही, भिंतीवर मानानं ठेवायची. शिक्का दिसला तरी मिस्त्रीकडून चेंबर गेजनं मोजून घे, मधात कोणी चेंबर वाढवलं असन त शिक्क्यावरून समजत नाही. त्याच्याकडून आणखी दोन गोष्टी पाहून घे, नळीत कुठं पोचा आहे का अन् आतून गंजानं खड्डे पडले का. ढिलेपणा तुले घरीच समजते. समोरचं लाकूड काढून बंदूक बंद कर अन् दस्ता धरून हलकीच हलव, खडखड झाली त बिजागरी झिजली समज.

गंजासाठी सँडपेपर लावू नको भाऊ, हात जोडतो. वरचा निळसर काळा रंग निघून जाते अन् मग गंज दुप्पट लागते. चार शून्याचं स्टील वूल, म्हणजे लोकरीवानी बारीक लोखंडी तारेचा गुंडा मिळते, ते तेलात भिजवून हलक्या हातानं फिरव, लाल ठिपके निघतात. आतून गजाले ब्रश लावून घासायचं अन् कोरडं फडकं पांढरं निघेपर्यंत फिरवत राहायचं. लिव्हर जाम झाला तो जुन्या तेलाच्या चिकट्यानं, मिस्त्री खोलून रॉकेलनं धुऊन देते. तू स्क्रू खोलू नको, त्या स्क्रूच्या फटी लय बारीक असतात, आपला पेचकस लागला की कडा जातात.

खोबऱ्याच्या तेलाचं म्हणशील त थंडीत बाटलीतलं खोबरेल गोठते की नाही? तेच तेल आतल्या कमानीत गोठते अन् वरून धूळ धरते. बंदुकीचं पातळ तेल घे, दोन थेंब पुरते. तेल लावल्यावर काही वेळ नळीचं तोंड खाली करून ठेव, नाहीत तेल उतरून दस्त्याच्या लाकडात मुरते अन् लाकूड सडते. चामड्याची पेटी फक्त न्याया-आणायले, आत कायमची ठेवायची नाही, चामडं दमट धरते. कोरड्या सुती कापडात, कुलपाच्या कपाटात, काडतुसं वेगळ्या कुलपात.

अन् ती कागदी काडतुसं उडवू नको. दारू दमट झाली असन त फुस्स करून अर्धाच बार होते, आतली डाट नळीतच अडकते, अन् माणूस घाईत दुसरं टाकून चाप ओढते. नळ्या फुटतात त्या अशाच. लायसन घेऊन दुकानदाराले विचार, नोंद करून परत घेते.

शॉटगन_वर्धा

काकांनी बंदुकीचं सगळं सांगितलंच आहे, मी हाताळण्याचं सांगते. मी ट्रॅप खेळते, म्हणजे त्या ११० मिलिमीटरच्या मातीच्या तबकड्या उडतात त्या. आमच्याकडे आपल्या स्टेशनवर उभं राहून नंबर येईपर्यंत बंदूक उघडी आणि रिकामी, यात नवा-जुना खेळाडू असा भेद नाही. दुनळीची चांगली गोष्ट ही की उघडी असली की लांबूनही कोणालाही दिसतं की ती उडू शकत नाही. वावरातही हेच करा दादा. चालताना उघडी, धुरा ओलांडताना, नाल्यात उतरताना, बैलबंडीवर चढताना काडतुसं खिशात. सेफ्टी लावली आहे म्हणून भरलेली नेऊ नका, जुन्या दुनळीत सेफ्टी बहुतेक फक्त चाप अडवते, आतला घोडा नाही, बंदूक आपटली तर बार उडू शकतो.

दुसरं म्हणजे भरायच्या आधी दर वेळी दोन्ही नळ्यांतून आरपार पाहायचं, रात्री असेल तर टॉर्च लावून. तुमच्याकडची काळी माती ओली असली की किती चिकटते ते तुम्हाला मी सांगायला नको, पाय घसरला आणि नळीचं तोंड ढेकळात रुतलं की बोटभर मातीचा गोळा आत बसतो आणि कळतही नाही. तेवढ्यानं नळी फुटते. शेजाऱ्याकडे कोणाकडे वीस बोअर असेल तर त्याची काडतुसं आपल्या खिशात चुकूनही येऊ देऊ नका, वीसचं काडतूस बाराच्या नळीत सरकून पुढं जाऊन अडकतं, मागून वाटतं नळी रिकामी आहे.

चाप ओढला आणि बार झाला नाही तर लगेच उघडू नका. तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा, कधी कधी बार उशिरा होतो. आणि कानात बोळे घाला हो, वावर मोकळं असलं म्हणून कानाला माफी नाही, गेलेला कान परत येत नाही.

एक राहिलं. ट्रॅपवाल्या ओळखीच्या कोणी २४ ग्रॅम छर्ऱ्याची काडतुसं देतो म्हटलं तर नको म्हणा. वजन हलकं असलं तरी खोळ ७० एमएमचीच असते. आणि दुसऱ्याच्या लायसनवरची काडतुसं घेणं कायद्यातही बसत नाही.

धुऱ्यावरचा, चिमूर

वरचं सगळं बरोबर आहे जी, पण जागलीवर बंदूक नेऊन करणार काय हे कोणी विचारलं नाही म्हणून मी लिहून राह्यलो. आमच्याकडं तर डुकराच्या मागं वाघ येते, त्यामुळं रात्रीचं वावर म्हणजे काय ते आम्हाला माहीत आहे.

पीक संरक्षणाचं लायसन म्हणजे जनावर मारायचं लायसन नाही. रोही असो की रानडुक्कर, दोन्ही १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतात, मारायचं तर वन खात्याची लेखी परवानगी लागते, कलम ११ प्रमाणे. परवानगी हातात नाही तर बार नाही. ससा-तितराचा तर विषयच काढू नका, शिकार कधीची बंद आहे. हवेत बार काढून हाकलतो म्हणाल तर तेही सांगतो, शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं बेजबाबदारपणे किंवा लग्नवरातीत बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद नाहीतर एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बाजूच्या वावरातही कोणीतरी जागलीला असते भाऊ. टॉर्चमध्ये डोळे चमकले म्हणजे डुक्करच असते असं नाही, सुटलेला बैल असते, कधी शेकोटीजवळ बसलेला माणूस असते. अंधारात छर्रा सोडून जखमी डुक्कर वावरात राह्यला तर सकाळी कापूस वेचाले येणाऱ्या बायांवर ते धावून येते.

त्यापेक्षा जागलीला दोघंजण जा, डबा वाजवा, मोठी टॉर्च ठेवा. नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढून वन खात्याकडं अर्ज टाका, पंचनामा झाल्याशिवाय भरपाई मिळत नाही अन् पंचनाम्याच्या आधी वावर साफ करून टाकलं तर दाखवाले काही उरत नाही. सौर कुंपणाले डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत अनुदान आहे, गाव बसते का ते वनरक्षकाले विचारा. कुंपणात लाइनचा करंट मात्र सोडू नका, सौर कुंपण झटका देते अन् सोडते, लाइनचा करंट सोडत नाही, आपल्या भागात त्यानं माणसं मेली, वाघ मेले.

कागदाचं एक सांगतो. लायसन आता पाच वर्षांचं असते, मुदत संपाच्या दोन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज टाका. निवडणूक लागली की जमा कराची नोटीस येऊ शकते, जमा केल्याची पावती जपून ठेवा, अन् जमा कराच्या आधी नळीले तेल लावून द्या, पुन्हा असा गंज नको.

पांदणवाला, घाटंजी

सगळ्यांचे मनापासून आभार. काकाजी, तुम्ही म्हटलं तसं समोरचं लाकूड काढून पाह्यलं, चपट्या जागेवर अडीच इंचाचा शिक्का आहे, नायट्रो प्रूफही वाचता येते. म्हणजे ७० चं नाहीच घेत. या आठवड्यात मिस्त्रीकडं नेतो, लायसन सोबत ठेवून, नळ्या अन् दस्ता वेगळे करून. चिमूरच्या भाऊंचं घरी वाचून दाखवलं, आई म्हणाली बंदूक घरीच राहू दे, जागलीले टॉर्च ने. तेच करतो, अन् सौर कुंपणाचं वनरक्षकाले विचारतो. ६५ चं काडतूस दुकानात मिळन काय? अन् दस्त्याच्या लाकडाले काय लावू?

काळीमाती, अकोला

आईचं बरोबर आहे. ६५ चं मागवून घ्यावं लागन बहुतेक, पण दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नको, खोक्यावर अन् खोळीवर छापलेली लांबी स्वतः वाचून घे. ६७.५ छापलेलंही दिसन कुठं कुठं, ६५ च्या चेंबरले चालते असं त्या खोक्यावरच लिहिलेलं असन तरच घे, नाहीतर ठेव म्हणाव. अन् छर्रा लय जड घेऊ नको.

लाकडाले जवसाचं तेल, दुसरं काही शोधू नको. आधी फडक्यानं धूळ अन् मळ काढ, मग तळहातावर चार थेंब घेऊन लाकूड गरम होईपर्यंत चोळ, अर्ध्या तासानं वरचं सगळं पुसून टाक, वरती राह्यलं त चिकट होते अन् वाळतच नाही. मधात काही दिवस वाळू दे, मग पुन्हा. असे चार-पाच हात झाले की आतला रेषा-रेषा दिसणारा रंग वर येते, अक्रोडाचं लाकूड असन त पाहतच राहशील. धातूले मात्र जवस लागू देऊ नको, वाळून पापुद्रा बसते. अन् जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नको, ती आतून आपोआप तापतात अन् पेट घेतात. पाण्यात बुडवून काढ, मग उघड्यावर सुटी पसरून वाळव.