विंडोज ११ वर गेल्यानंतर पेजमेकर आणि जुने मराठी फॉन्ट

छापखानेवाला (प्रश्न):
तालुक्याच्या गावी आमचा लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि अधूनमधून एखादे पुस्तक, ही सगळी कामे १९९९ पासून पेजमेकर या पाने लावण्याच्या प्रोग्रामवर होत आली आहेत. जुने प्रोग्राम चालावेत म्हणून २०१९ साली घेतलेल्या संगणकावरही मी मुद्दाम ३२-बिट, म्हणजे जुन्या बांधणीचे, विंडोज १० ठेवले होते. परंतु १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याची नियमित सुरक्षा-अद्यतने थांबली, आणि बँकेचे व्यवहारही याच संगणकावरून होत असल्यामुळे मी विंडोज ११ बसवून घेतले. तेव्हापासून काम अडले आहे.

पेजमेकर ७.० कसेबसे सुरू होते, पण मराठी टंकलेखनासाठी वापरत असलेल्या फॉन्ट-पॅकेजला यूएसबीला लावलेले डोंगल (पॅकेज विकत घेतल्याची खूण पटवणारी छोटी किल्ली) दिसत नाही. पत्रिकांसाठीचा एक छोटा जुना प्रोग्राम तर ‘हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही’ एवढेच सांगून बंद होतो. ‘कम्पॅटिबिलिटी मोड’मध्ये विंडोज एक्सपी निवडून पाहिले, फरक पडला नाही. सध्या हातात गावाच्या इतिहासाचे २१२ पानांचे पुस्तक आहे. दुसरी आवृत्ती काढायची असून मजकूर तोच आहे, फक्त नवे मनोगत आणि शेवटचे एक प्रकरण वाढणार आहे. मागच्या विंडोजवर परत जाण्याखेरीज काही मार्ग आहे का?

संगणक-मिस्त्री:
आपण एक तक्रार म्हणून लिहिलेल्या या गोष्टी प्रत्यक्षात तीन वेगळ्या आहेत, आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत.

पत्रिकांचा प्रोग्राम बहुधा १६-बिट, म्हणजे ३२-बिटहूनही जुन्या बांधणीचा, असावा. असे प्रोग्राम चालवणारा भाग ३२-बिट विंडोजमध्ये असे, ६४-बिट विंडोजमध्ये तो नाही, आणि विंडोज ११ केवळ ६४-बिटमध्येच मिळते. त्यामुळे कम्पॅटिबिलिटी मोडमध्ये काहीही निवडले तरी तो प्रोग्राम चालणार नाही. ती सोय जुन्या प्रोग्रामला ‘ही जुनीच विंडोज आहे’ असे भासवते, परंतु जो भाग मुळात नाही तो कोठून आणणार?

डोंगलचा प्रश्न ड्रायव्हरचा, म्हणजे जोडलेले उपकरण विंडोजला ओळखू देणाऱ्या प्रोग्रामचा, आहे. ६४-बिट विंडोजला ड्रायव्हरही ६४-बिट आणि अधिकृत स्वाक्षरीचा लागतो. डोंगल बनवणाऱ्यांनी नवा ड्रायव्हर काढला असेल तर पहिल्यांदा तो बसवून पाहावा. पेजमेकर ७.० मात्र ३२-बिट आहे आणि ३२-बिट प्रोग्राम विंडोज ११ वर चालू शकतात, म्हणून ते उघडते. दहा दिवसांच्या आत मागे फिरण्याची सोय जुन्या विंडोजवरच अपग्रेड केले असेल तर मिळते. ३२-बिटवरून ६४-बिटवर येताना सगळे नव्याने बसवावे लागते, त्यामुळे आपल्याला ती मिळणार नाही.

जुना कंपोझिटर:
मीही याच फेऱ्यातून गेलो आहे, म्हणून आधी एक दिलाशाची गोष्ट सांगतो. डोंगल लागते ते टंकलेखनाच्या कळफलकाला. फॉन्टच्या फाइली साध्या ट्रूटाइप (विंडोजच्या नेहमीच्या फॉन्ट-प्रकारातल्या) असतील तर त्या विंडोज ११ मध्येही बसतात, आणि फॉन्ट बसले की पेजमेकरमध्ये लावलेली पाने जशीच्या तशी दिसतात. म्हणजे जुनी २१२ पाने छापण्यासाठी आपले काहीच अडलेले नाही. अडले आहे ते नव्या मजकुरापुरते.

त्यासाठी मी व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा नकली संगणक चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, एक ‘आतला’ संगणक उभा केला आणि छापखान्यात पडून असलेल्या मूळ सीडीवरून त्यात विंडोज एक्सपी घातले. त्याला १ जीबी मेमरी पुरते. सेटिंगमध्ये यूएसबी २.० निवडावे, कारण एक्सपीला ३.० ची ओळख नाही. मग वरच्या मेनूतून डोंगल आतल्या संगणकाकडे सोपवायचे. पेनड्राइव्हही तसाच सोपवता येतो. एक्सपीची सुरक्षा-अद्यतने एप्रिल २०१४ मध्येच संपलेली असल्यामुळे या आतल्या संगणकाचे नेटवर्क पूर्ण बंद ठेवावे. तेथे फक्त पाने लावून पीडीएफ करावी आणि छपाई बाहेरून करावी.

मुद्रितशोधक:
वरचा उपाय या पुस्तकापुरता योग्य आहे, परंतु जुना संग्रह कधीतरी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत देणाऱ्या पद्धतीत, आणावाच लागेल. या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. तोच मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवला तर डॉलर, कंस आणि डोक्यावर टोप्या घातलेले रोमन स्वर दिसतात. इनडिझाइन या पाने लावण्याच्या नव्या प्रोग्रामच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरच्या फाइली उघडतात, पण मजकूर त्याच जुन्या सांकेतिक रूपात राहतो.

रूपांतर करणारी साधने आहेत, मात्र त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर येतो, तर युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम नेमका उलटा असतो. हा क्रम फिरवताना जोडाक्षरांपाशी चुका होतात. माझ्याकडे आलेल्या एका स्मरणिकेत ‘आचार्यांचा सत्कार’ हे शीर्षक ‘आचाऱ्यांचा सत्कार’ होऊन आले होते. दोन्ही शब्द शुद्ध असल्यामुळे शुद्धलेखन तपासणारा कोणताही प्रोग्राम ते पकडू शकला नसता, आणि सत्कारमूर्तींनी ते कसे घेतले असते याची कल्पनाच केलेली बरी. त्यामुळे रूपांतरानंतर निदान रफार, ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्ह’ असलेली प्रत्येक ओळ मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावी.

छापखानेवाला:
तिघांचेही आभार. डोंगलचा नवा ड्रायव्हर मिळाला नाही, म्हणून आतल्या संगणकात एक्सपी घातले. पहिल्या खेपेस डोंगल दिसले नाही. आतले पॅकेज बंद करून, डोंगल काढून पुन्हा लावल्यावर आणि मेनूतून सोपवल्यावर त्याचा हिरवा दिवा लागला. मनोगत आणि नवे प्रकरण तेथेच जुळवले. जुन्या २१२ पानांची पीडीएफ मात्र विंडोज ११ वरच्या पेजमेकरमधून काढायला गेलो, तेव्हा ती अर्ध्यावर थांबत होती, म्हणून तीही आतूनच काढली.

पतसंस्थेचा यंदाचा अहवाल पहिल्यापासून युनिकोडमध्ये करायला घेतला आहे. त्यात एक अडचण अशी, की त्याच आकाराच्या युनिकोड फॉन्टमध्ये ओळी अधिक उंच होतात आणि मागच्या वर्षीचा ३२ पानांचा अहवाल ३५ पानांवर जातो, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या दोन फर्म्यांत बसत नाही. कमी उंचीच्या ओळी देणारा, मजकुरासाठी चांगला युनिकोड फॉन्ट कोणी वापरत असेल तर कृपया सुचवावा.

मुद्रितशोधक:
फॉन्ट बदलण्याआधी ओळींमधील अंतर ‘ऑटो’वरून काढून आकडा स्वतः द्यावा. युनिकोड फॉन्टमध्ये वरच्या मात्रा आणि खालची जोडाक्षरे धरून जागा राखलेली असते, ती ‘ऑटो’मध्ये पूर्ण वापरली जाते. १२ पॉइंटच्या मजकुराला १६ पॉइंट देऊन पाहा, आणि ‘ट्रू’ किंवा ‘ष्ट्रू’ असलेल्या ओळी खालच्या ओळीच्या मात्रांना चिकटत नाहीत ना, तेवढे छापून तपासा.