ब्युगलला मध्यम-धैवत नाहीत, मग लॅटिन धून बसवायची कशी?

सरगमवाला: न्यू जर्सीचं हॉथॉर्न कॅबलेरोज हे ब्युगल-ढोलांचं पथक १९४६ मध्ये महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांनी अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या (पोस्टच्या) आधाराने उभं केलं. स्पॅनिश वेश, लॅटिन संगीत. पण साध्या ब्युगलवर सा-ग-प सोडून काय निघतं? आणि चुकांचे गुण कापायचे कसे?

पितळी: लीजनच्या राष्ट्रीय स्पर्धा १९२१ च्या कॅन्सस सिटी अधिवेशनापासूनच्या. तेव्हा ब्युगल म्हणजे सैन्याचाच, जी पट्टीचा, विनाव्हॉल्व्ह. (आपल्याकडे परेडला वाजतो तो बी-फ्लॅटचा.) पुढे आडवा पिस्टन आला. तो दाबला की नळीतून आपोआप निघणाऱ्या स्वरांची अख्खी मालिका जीवरून खालच्या डीवर उतरते, म्हणजे पाच अर्धस्वर खाली. जी हा सा धरा. उघड्या नळीत सा, ग, प. पिस्टन दाबून प, नी, रे. राहिले म आणि ध.

त्यासाठी महायुद्धानंतर रोटरी, म्हणजे फिरणारा दुसरा व्हॉल्व्ह. काहींची अर्धा स्वर उतरवणारी, काहींची पूर्ण स्वर. पूर्ण स्वराची एकटी वापरली की कोमल नी, रे, म. पिस्टनसकट वापरली की म, ध, सा. सप्तक पुरं.

सरगमवाला: म्हणजे ध फक्त दोन्ही दाबूनच?

पितळी: हो, आणि तिथेच घात. रोटरीची जादा नळी जीच्या लांबीला मापलेली असते. पिस्टनने मूळ नळी आधीच तिसऱ्या हिश्श्याने लांबलेली, त्यामुळे तीच जादा नळी अपुरी पडते आणि २०० ऐवजी साधारण १५२ सेंटच उतरते (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर). अख्खी जोडमालिका ४८ सेंट चढी. ध पाचवा हार्मोनिक, म्हणजे त्या मालिकेतला पाचवा स्वर, तो मुळातच १४ सेंट उतरा, म्हणून त्याचा चढ ३४ पर्यंत येतो. म मात्र जोडीने वाजवू नये, एकट्या रोटरीवर घ्यावा. रोटरीची स्लाइड (सरकती नळी) ओढून ध सुधारायला गेलात तर एकट्या रोटरीचे स्वर उतरतात. त्यापेक्षा ओठ सैल सोडून खाली आणायचा. लांब ध टाळलेलाच बरा.

टिपरू: गुणांचं सांगतो. जुनी पद्धत ‘टिक’ची: परीक्षक मैदानावर वादकांच्या शेजारून चालत जायचा आणि दिसेल-ऐकू येईल त्या चुकीला एक खूण, म्हणजे ०.१ गुण वजा. एका स्नेअर ढोलवाल्याची काठी बाकीच्यांहून उंच गेली, टिक. रोलचा (सलग झरझर वाजवण्याचा) शेवट दोघांचा वेगळा पडला, टिक. म्हणून नोटा जितक्या जास्त तितका धोका जास्त. नियम असा की सोपं पण स्वच्छ वाजवणारं पथक अवघड धाडसाला हरवू शके. माझ्या मते संगीताचं त्याने नुकसानच केलं, पण ओळी वस्तऱ्यासारख्या झाल्या. डीसीआयने (ड्रम कोअर इंटरनॅशनल, या स्पर्धा भरवणारी संघटना) ती पद्धत १९८४ मध्ये सोडली.

चालीचंही मोजमाप होतं. मैदानावर दर पाच यार्डांवर रेघ; तेवढ्यात आठ पावलं, म्हणजे पाऊल २२.५ इंचांचं. सैन्याचं ३० इंची पाऊल टाकलं तर सहाच पावलांत रेघ येते, आणि रांग तिथेच तुटते.

पितळी: पुढचं थोडक्यात: प्रौढ पथकांची डीसीए (ड्रम कोअर असोसिएट्स) ही स्वतंत्र संघटना झाली. तिचं पहिलं विजेतेपद १९६५ मध्ये रेडिंग बुकेनियर्सला. कॅबलेरोजने १९७० आणि १९९५ मध्येही ते घेतलं. २०२४ पासून हा गट डीसीआयच्या छत्राखाली ‘ऑल-एज’ म्हणून चालतो.

सरगमवाला: मग जुन्या नोटेशनच्या पानावरचा सी म्हणजे जीच ना?

पितळी: सोप्रानोला, म्हणजे उंच आवाजाच्या ब्युगलला, लिहिलेला सी पाच अर्धस्वर खाली जी वाजतो. बी-फ्लॅट ट्रम्पेटवर वाजवणार असाल तर पान तीन अर्धस्वर खाली उतरवून घ्या.