वसमतकडं चार दिवसात वळीव येईल का? हळद उघड्यावर पडलीय

शिवारातला: मंडळी, हळद शिजवून परवाच पसरलीय, कांडी मोडून बघितली तर आत अजून ओलीच. पारा ४१-४२ आन् दोन दिवसांपासून नुसत्या घामाच्या धारा, संध्याकाळी दक्षिणेकडं काळं भरून येतंय. ताडपत्री एकच, ती पण फाटकी. काय करू?

परभणीकर: धारा लागल्या म्हणजे हवेत बाष्प आलंय भाऊ. समुद्राकडून दमट वारं येतं, खाली जमीन तापलेली, मग दुपारी ३-४ नंतर ढग उभेच्या उभे वाढतात, त्यामुळं सकाळचं निरभ्र आभाळ बघून फसू नका. यलो अलर्ट आख्ख्या जिल्ह्याला असतो, तुमच्याच रानात पडेल असं नाही, शेजारच्या गावात गारा आन् आपल्याकडं नुसता फुफाटा, असं लई वेळा झालंय.

हळदवाली: दिवसा झाकू नका हो, आत वाफ धरते आन् बुरशी येते. चारला गोळा करून उंचवट्यावर ढीग घाला, वर ताडपत्री, कडेला दगड, सकाळी परत पसरा. वाळायला १०-१५ दिवस तर लागतातच. आमची एकदा भिजली, रंगच गेला, भाव पडला तो वेगळाच.

परभणीकर: आन् फोनमध्ये दामिनी ॲप घ्या, जवळपास वीज पडायची शक्यता असली की सांगतं. कडकडाट सुरू झाला की ढीग राहू द्या तसाच, झाडाखाली तर थांबूच नका.

शिवारातला: बरं ताई, चारलाच गोळा करतो. ताडपत्री मेहुण्याकडनं मागवलीय, बघू देतो का.