प्रतिसाद : ‘जनरेटेड’ अ‍ॅनोटेशन आणि कव्हरेज

यंत्रनिर्मित (जनरेटर साधनाने आपोआप लिहिलेल्या) जावा क्लासवर प्रमाणित ‘@जनरेटेड’ हे अ‍ॅनोटेशन, म्हणजे कोडला जोडलेली माहितीची खूण, लावावे अशी सूचना वर आली आहे; ते लावणे योग्यच आहे. मात्र तेवढ्याने तो कोड जाकोकोच्या (चाचण्यांत किती कोड चालला हे मोजणाऱ्या साधनाच्या) कव्हरेज अहवालातून वगळला जाईल, ही अपेक्षा फोल ठरते. जावा 9 पासून ‘प्रोसेसिंग’ पॅकेजमध्ये असलेल्या या अ‍ॅनोटेशनचे रिटेन्शन (ते कुठवर टिकते ती पातळी) ‘सोर्स’, म्हणजे फक्त मूळ कोडपुरते, असल्याने कंपायलर ते क्लास फाइलमध्ये उतरवतच नाही आणि जाकोको तर केवळ बाइटकोड, म्हणजे क्लास फाइलमधला संकलित कोड, वाचतो. त्यासाठी नावात ‘जनरेटेड’ असलेले, ‘क्लास’ रिटेन्शनचे (क्लास फाइलपर्यंत टिकणारे) स्वतःचे अ‍ॅनोटेशन लिहून जनरेटरकडूनच लावून घ्यावे. लॉम्बॉक या, जावा कोड आपोआप तयार करणाऱ्या लायब्ररीचे ‘जनरेटेड’ अ‍ॅनोटेशन याच प्रकारचे आहे.

‘@जनरेटेड’मधला ‘डेट’ (निर्मितीची तारीख) हा घटक मात्र, माझ्या मते, रिकामाच ठेवावा, कारण तो भरला तर प्रत्येक बिल्डला फाइल बदलते आणि गिटच्या डिफमध्ये (दोन आवृत्त्यांमधील फरकाच्या यादीत) खरा बदल शोधणे विनाकारण जिकिरीचे होते.