मदत हवी आहे: शिक्षक प्रशिक्षणाचं वर्षभराचं नियोजन कसं करावं?

नमस्कार मंडळी,

यंदा मुख्याध्यापकांनी शाळेतल्या शिक्षक प्रशिक्षणाचं नियोजन माझ्याकडे सोपवलंय. आम्ही २२ जण आहोत. गेल्या वर्षी सुटीत दोन दिवसांची कार्यशाळा झाली. तज्ज्ञ छान बोलले, अभिप्रायाच्या फॉर्मवर सगळ्यांनी ‘उत्तम’वर खूण केली. शाळा सुरू होऊन दोन महिने झाले तरी शिकवणं जसंच्या तसं होतं. माझंही.

बदल दिसला तो वेगळ्याच ठिकाणी. विज्ञानाच्या एका बाईंनी मला त्यांच्या तासाला मागच्या बाकावर बसवलं. म्हणाल्या, “सर, प्रश्न विचारल्यावर मी किती थांबते, तेवढंच मोजा.” अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं होतं की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात, तीन सेकंद थांबले तर मुलं जास्त आणि विचार करून बोलतात. बाईंना हे पाठ होतं. तरी नऊपैकी सात प्रश्नांना त्या सेकंदभरही थांबल्या नव्हत्या, आणि दोनदा उत्तर स्वतःच देऊन मोकळ्या झाल्या होत्या. माझा कागद त्या बराच वेळ बघत राहिल्या.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा बसलो. प्रश्न विचारून बाई हात मागे बांधून उभ्या राहिल्या. वर्ग चिडीचूप. मग खिडकीजवळची एक मुलगी बोलली. ती माझ्याही वर्गात आहे, वर्षभरात तिने एकदाही हात वर केला नव्हता.

तेव्हापासून मला वाटतंय की कार्यशाळा कमी करून हेच वाढवावं. माहीत असणं वेगळं आणि अंगवळणी पडणं वेगळं. शिक्षक प्रशिक्षणाचा अभ्यास करणारे जॉइस आणि शॉवर्स यांचंही सांगणं हेच, की प्रात्यक्षिक आणि सराव झाला तरी वर्गात सोबतीला कोणी नसेल, तर शिकलेलं फारसं वापरात येत नाही. म्हणून वर्षभर ‘प्रश्न विचारणं’ हा एकच विषय, ११ जोड्या, आणि महिन्याला एक बैठक असं मनात आहे.

अडचणी अशा. एका फेरीत प्रत्येकाने जोडीदाराचा एक तास पाहायचा म्हटलं तरी २२ तास काढावे लागतात. ऑफ तास घेतला तर वह्या कधी तपासायच्या, आणि प्रॉक्सी (बदली शिक्षक) लावली तर बाकीचे वैतागतात. दुसरं, मागे कोणी बसलं की लोकांना तपासणीच वाटते. आणि फायदा झाला हे ‘उत्तम’च्या खुणांशिवाय कशावरून ठरवायचं? हे कोणी चालवून पाहिलंय का?

प्रतिसाद १

सर, आमच्याकडे दोन वर्षं चालू आहे. पूर्ण तास बसू नका, वीस मिनिटं पुरतात. एका ऑफ तासात बघणं आणि त्यावर बोलणं दोन्ही उरकतं. तपासणीच्या भीतीवर आम्ही जपानी ‘लेसन स्टडी’तून (शिक्षक मिळून एक धडा आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे बघतात) एक गोष्ट उचलली: पाहुण्याने शिक्षकाकडे नाही, मुलांकडे बघायचं. कोण बोललं, कोण अडलं, कोणी नुसतं फळ्यावरचं उतरवलं. तो कागद शिकवणाऱ्याच्या हाती द्यायचा, कार्यालयात जाऊ द्यायचा नाही. पहिला तास मुख्याध्यापकांनी घ्यावा आणि तुम्ही सगळ्यांनी मागे बसावं. आमच्याकडे लोकांचा विश्वास त्या दिवशी बसला.

मोजण्याचं म्हणाल, तर प्रशिक्षणाचा परिणाम तपासायला शिक्षणतज्ज्ञ गस्की पाच पायऱ्या सांगतात: लोकांना आवडलं का, ते शिकले का, शाळेने साथ दिली का, वर्गात वापरलं का, मुलांना फायदा झाला का. नियोजन शेवटच्या पायरीपासून उलटं करा. आणि आत्ताच, काही सुरू व्हायच्या आधी, प्रत्येक वर्गात एका तासाला किती वेगवेगळी मुलं बोलतात ते मोजून ठेवा. नंतर ताडून बघायला काहीच नाही, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

धागाकर्ता

मनापासून आभार! मोजणी याच आठवड्यात करतो, आणि पहिल्या तासाचं मुख्याध्यापकांना उद्याच विचारतो. एकच अजून: जोड्या तुम्ही लावल्या, की लोकांनी आपापल्या निवडल्या? आमच्याकडे दोघं-तिघं असे आहेत की त्यांना कोणी निवडणार नाही, आणि खरी गरज त्यांनाच आहे.