बाबा डायलिसिसहून आले की हिशेब चुकतो. वय की आणखी काही?

भोईवाड्याची_लेक
नमस्कार. जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

बाबा ६७ वर्षांचे, बेस्टमध्ये ३१ वर्षं कंडक्टर होते. मधुमेह जुना आहे. दोन वर्षं डायलिसिस चालू आहे, सोमवार आणि गुरुवार, दुपारी १२ ते ४. वजन ५८ च्या आसपास.

सुट्या पैशांचा हिशेब म्हणजे बाबांचा प्राण. लहानपणी मी पाढे पुस्तकातून शिकलेच नाही. बाबा विचारायचे, साडेतीनची तीन तिकिटं, वीसची नोट, परत किती? तोच माणूस परवा दूधवाल्याला पैसे देताना एकच नोट दोनदा मोजत होता. मग सगळी गड्डी माझ्या हातात दिली, 'तूच कर' म्हणाले आणि टीव्हीकडे तोंड करून बसले. टीव्ही बंद होता.

विसरतात म्हणावं तर तसंही नाही. माझ्या लग्नात कोणी काय आहेर केला ते आजही सांगतील. दादर टीटीपासूनचे स्टॉप घडाघडा म्हणतात: टीटी, चित्रा, हिंदमाता, परळ, भारतमाता, लालबाग. पण 'लिमिटेडसारखे एक सोडून एक सांगा' म्हटलं की दुसऱ्या-तिसऱ्या स्टॉपलाच गाडी बंद पडते. डायलिसिसच्या संध्याकाळी तर विचारूच नये. दुसऱ्या दिवशी सकाळी बरेच ताळ्यावर असतात.

धास्ती वाटायचं खरं कारण वेगळंच आहे. गेल्या गुरुवारी संध्याकाळी बिल्डरचा माणूस रिडेव्हलपमेंटचं संमतिपत्र घेऊन आला आणि बाबांनी न वाचता सही केली. लाइटबिलसुद्धा मागून-पुढून वाचणारा माणूस! राउंडवरच्या डॉक्टरांना विचारलं तर 'वय आहे' म्हणून पुढच्या खाटेकडे गेले. शेजारचे काका म्हणतात, मशीनच्या पाण्यातलं ॲल्युमिनिअम मेंदूत जातं. हा अल्झायमर आहे की मशीनचा परिणाम? कोणाच्या घरी असं झालंय का?

गिरणगावकर
ताई, साठी बुद्धी नाठी. आमचे अण्णा कुठलंही मशीन न लावता असेच झाले होते. फार मनाला लावून घेऊ नका.

मशीनवाला
गिरणगावकर, राग मानू नका, पण याच वाक्यापायी कितीतरी पेशंट तसेच राहून जातात.

मी १४ वर्षं डायलिसिस टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, म्हणून गोळ्यांचं बोलत नाही. काकांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. १९७० च्या दशकात पाणी नीट शुद्ध न करता वापरलं जायचं तिथे ॲल्युमिनिअम रक्तात जायचं. पेशंटची जीभ अडखळायची, झटके यायचे, पुढे माणूस ओळखेनासा व्हायचा. 'डायलिसिस डिमेन्शिया' हे नाव तेव्हाचं. आता आरओच्या पाण्याशिवाय मशीन लावत नाहीत. उलट तुम्ही घरात बघा. ॲसिडिटीचं पातळ औषध बाबा परस्पर केमिस्टकडून आणतात का? त्यातल्या बऱ्याच औषधांत ॲल्युमिनिअम असतं, आणि किडनी बंद असली की ते बाहेर पडत नाही.

मला जास्त शंका पाण्याची आहे, म्हणजे शरीरात साठणाऱ्या. गुरुवार ते सोमवार चार दिवसांचा साठा चार तासांत काढायचा. ५८ किलोच्या माणसाचं साडेतीन लिटर काढलं तर किलोमागे तासाला १५ मिली होतात. १३ च्या वर गेलं की आमचे कान टवकारतात. भराभर ओढलं की बीपी पडतो आणि मेंदूला रक्त कमी मिळतं. नेदरलँड्समध्ये काही वयस्कर पेशंटचं मशीनवर असतानाच स्कॅन केलं होतं, २०१८ ला छापून आलं. शेवटाला मेंदूचा रक्तप्रवाह सरासरी १० टक्क्यांनी घटलेला. आमच्या सरांनी तो आलेख दाखवला तेव्हापासून मी बीपीच्या आकड्याकडे वेगळ्या नजरेने बघतो.

तुम्ही बाबांची शीट मागा. किती पाणी काढलं, मधला सगळ्यात कमी बीपी किती, सगळं त्यात असतं. मशीनवर असताना पोटभर जेवतात का तेही बघा, खाल्ल्यावर बीपी आणखी उतरतो. मशीनचं तापमान ३७ वरून अर्धा-एक डिग्री खाली घेतलं की बऱ्याच जणांचा बीपी टिकतो. ते डॉक्टरच ठरवतील. थंडी वाजते, शाल द्या बरोबर.

कल्याण_स्लो
ताई, सगळ्या गोळ्यांची पिशवी उलटी करून बघा. आमच्या ह्यांना पायांच्या आगीसाठी प्रीगाबालिन दिली होती, बाहेरच्या डॉक्टरांनी, डायलिसिसचं न विचारता. आठवड्यात भिंतीला धरून चालायला लागले, रात्री दोनला उठून 'डबा भर, गाडी चुकेल' म्हणायचे. मला वाटलं संपलं सगळं. किडनीच्या डॉक्टरांनी गोळी थांबवली आणि दोन-तीन डायलिसिसनंतर माणूस जागेवर आला. स्नायू सैल करायच्या बॅक्लोफेनचंही तसंच असतं म्हणाले.

आणि साखर! किडनी गेल्यावर इन्शुलिन अंगात जास्त वेळ टिकतं, जुना डोस जड होतो. ह्यांची पहाटे ५२ निघाली होती.

अजून एक, शाळेबाहेर तिखटमीठ लावून कमरख विकतात ना, चांदणीसारखं कापलेलं? डायलिसिसवाल्याला त्याची एक फोडसुद्धा नको. उचकी लागते, भ्रम होतो, झटके येतात, जीवही जाऊ शकतो.

अनघा_दादर
मी स्मृतीच्या चाचण्या घेते, म्हणून थोडं.

तुमची 'एक सोडून एक'ची युक्ती मला फार आवडली. पाठ असलेलं म्हणता येतं, पण एक गोष्ट मनात धरून तिच्यावर दुसरं काम करता येत नाही. डायलिसिसच्या पेशंटमध्ये हे नेहमी दिसतं. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या मधुमेहाने आणि बीपीने खराब झालेल्या असतात. अल्झायमरमध्ये बहुतेकदा नुकतंच घडलेलं आधी पुसलं जातं. अर्थात दोन्ही एकत्रही असू शकतात.

आणि हे 'वय' म्हणून सोडायचं नसतं. अमेरिकेतल्या मिनेसोटामध्ये ५५ वर्षांवरच्या तीनशेहून जास्त डायलिसिस पेशंटना तपासलं होतं (२००६). जेमतेम १३ टक्के पूर्ण ठीक निघाले, ३७ टक्क्यांमध्ये तीव्र बिघाड. केसपेपरवर त्याची नोंद होती फक्त ३ टक्क्यांच्या. बाबांच्या केसपेपरवर तरी काही लिहिलंय का?

चाचणी डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी करा, सकाळी. मशीनवर झोपवून नको, तेव्हा सगळ्यात वाईट येते. 'मोका' नावाची चाचणी मराठीतही होते, त्यात ११ वाजून १० मिनिटं दाखवणारं घड्याळ काढायला लावतात. हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड बघून घ्या. रात्री घोरताना श्वास अडकतो का, तेही. बंद टीव्हीकडे बघत बसणं मात्र मला खटकलं. नैराश्यातही माणूस असाच मंद होतो, आणि त्यावर उपचार आहेत.

सह्या, बँक, असली कामं डायलिसिसच्या संध्याकाळी नकोतच.

भोईवाड्याची_लेक
पाच आठवडे झाले, उशिराबद्दल माफी.

शीट मागितली तर काउंटरवर तोंड वाकडं झालं, पण मिळाली. सोमवारी ३.८ लिटर, तिसऱ्या तासाला बीपी ९०/५०. किडनीच्या डॉक्टरांपुढे ती ठेवली आणि पहिल्यांदा ते खुर्ची ओढून बसले. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस, तापमान ३६. हिमोग्लोबिन ८.१ होतं, इंजेक्शन वाढवलंय. ॲसिडिटीच्या बाटल्या दोन निघाल्या, उशीखाली. त्यावरून घरात महाभारत झालं.

मोकामध्ये ३० पैकी १९. घड्याळाचे दोन्ही काटे ११ वरच. न्यूरोच्या मॅडम म्हणाल्या, रक्तवाहिन्यांचा भाग आहे, पूर्वीसारखं पूर्ण होणार नाही.

संमतिपत्र सोसायटीकडून परत मागवलं आणि मंगळवारी सकाळी दोघांनी मिळून वाचलं. दोन तास लागले. कार्पेट एरियाचा आकडा दोन पानांवर वेगवेगळा आहे, हे बाबांनीच बोट ठेवून दाखवलं.

स्टॉप अजून जमत नाहीत. काल परळला अडकले तर म्हणाले, 'गाडी डेपोत गेली, उतरा सगळे.'

मशीनवाला
बीपीची गोळी डायलिसिसच्या दिवशी सकाळीच घेतात का?

भोईवाड्याची_लेक
हो, ९ वाजता, चहाबरोबर. का, चुकतंय का ते?

मशीनवाला
बऱ्याच जणांना डॉक्टर ती मशीननंतर घ्यायला सांगतात. बुधवारी विचारा. आपल्या मनाने बंद करू नका.