नोटर डेमला प्लेऑफमधून वगळलं ते बरोबरच होतं

कोलंबसकर

7 डिसेंबर 2025 च्या रविवारी अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या निवड समितीने प्लेऑफसाठी (सीझननंतरच्या बाद फेरीसाठी) बारा संघांची यादी वाचली आणि नोटर डेम विद्यापीठाचा संघ बाहेर राहिला, त्या दिवसापासून आमच्या मित्रांमध्ये एकच वाद पेटलेला आहे. 19 जानेवारीला अंतिम सामन्यात इंडियानाने मायामीला 27-21 हरवलं, सीझन संपला, तरी वाद काही संपेना. म्हणून इथे मांडतो.

जे हा खेळ नव्याने बघतायत त्यांच्यासाठी थोडक्यात: 2025 मध्ये वरच्या विभागात 136 संघ होते आणि नियमित सीझनमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला सामने येतात फक्त 12. सगळे सगळ्यांशी खेळूच शकत नाहीत, त्यामुळे आयपीएलसारखा एकच गुणतक्ता इथे नसतो. 13 जणांची कमिटी बसून क्रम लावते. 2025 मध्ये कॉन्फरन्स (संघांचे ठरलेले गट) जिंकणाऱ्यांपैकी रँकिंगमध्ये सगळ्यात वर असलेल्या पाच जणांना जागा राखीव होत्या, बाकीच्या सात कमिटीने भरल्या.

दहाव्या जागेसाठी मायामी आणि नोटर डेम आमनेसामने आले. दोघेही 10-2, म्हणजे दहा विजय, दोन पराभव. आणि हे दोघे 31 ऑगस्टला एकमेकांशी खेळले होते. मायामी 27, नोटर डेम 24. मला सांगा, यापुढे चर्चा कशाची करायची? शेड्यूल कठीण की सोपं, संघ डोळ्यांना कसा दिसतो, कॉम्प्युटर काय म्हणतो, हे सगळं कशासाठी बघायचं? दोन संघ एकमेकांशी खेळलेले नसतात तेव्हा अंदाज बांधायला. इथे अंदाजाची गरजच नव्हती. 2023 मध्ये कमिटीने हेच केलं होतं. टेक्सस आणि अलाबामा दोघांचा एकेक पराभव होता, पण टेक्ससने सप्टेंबरमध्ये टस्कलूसात, त्यांच्याच मैदानावर जाऊन अलाबामाला 34-24 हरवलं होतं, म्हणून टेक्सस तिसरं आणि अलाबामा चौथं. तो न्याय तिथे चालला तर इथेही चालला पाहिजे.

आणि मायामीने पुढे काय केलं तेही बघा. कॉलेज स्टेशनला त्यांच्या घरी जाऊन टेक्सस ए अँड एमला 10-3, मग आमच्या कोलंबसच्या ओहायो स्टेटला 24-14 (ती रात्र मला अजून सलते), मग ओल मिसला 31-27. दहाव्या सीडवरून (मानांकनावरून) थेट अंतिम सामना.

साउथबेंडवासी

मायामीने पुढे काय केलं हा मुद्दा आधी बाजूला ठेवू या. 7 डिसेंबरला कमिटीला जानेवारी दिसत नव्हता. निकाल लागल्यावर निवड योग्य होती म्हणणं म्हणजे पेपर फुटल्यावर उत्तरं लिहिणं.

आता शेड्यूल. नोटर डेम हरलं कोणाकोणाशी? मायामीशी तीन गुणांनी आणि टेक्सस ए अँड एमशी 41-40, म्हणजे एका गुणाने. दोन्ही पराभव मिळून चार गुणांचे, आणि दोन्ही संघ प्लेऑफमध्ये. त्यानंतर सलग दहा विजय. मायामी कोणाशी हरलं? लुइव्हिल आणि एसएमयू. दोघांपैकी एकही प्लेऑफच्या जवळपास नव्हता. एक सामना हा 12 सामन्यांतला एक असतो. तो मोजायचा जरूर, पण उरलेले अकरा पुसून टाकायचे का?

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. नोव्हेंबरपासून दर मंगळवारी कमिटी यादी जाहीर करत होती आणि प्रत्येक यादीत आम्ही, म्हणजे नोटर डेम, मायामीच्या वर होतो. 31 ऑगस्टचा निकाल तेव्हाही तोच होता ना? शेवटच्या आठवड्यात आम्हीही खेळलो नाही आणि मायामीही खेळलं नाही. घरी बसलेल्या दोन संघांची अदलाबदल झाली. आमच्या पोरांनी टीव्हीसमोर बसून ते बघितलं. त्यांनी नंतर बोल (सीझनअखेरचा खास सामना) खेळायला नकार दिला, त्यावरून त्यांना रडके म्हणणाऱ्यांनी स्वतःला त्या खुर्चीत बसवून बघावं.

आकडेमोड

अदलाबदलीमागचा तर्क सांगतो, तो पटतो की नाही ते तुम्ही ठरवा. शेवटून दुसऱ्या यादीत क्रम होता: 9 अलाबामा, 10 नोटर डेम, 11 बीवाययू, 12 मायामी. कमिटी संघांची तुलना छोट्या गटांत करते. आपसातला सामना ती तेव्हाच बघते जेव्हा दोन संघ साधारण एकाच तोडीचे वाटतात. मध्ये बीवाययू होतं तोवर नोटर डेम आणि मायामी शेजारी नव्हते. बीवाययू बिग 12 कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात टेक्सस टेककडून 34-7 हरलं, खाली घसरलं, आणि हे दोघे शेजारी आले. मग 31 ऑगस्टचा सामना टेबलावर आला.

प्रक्रिया म्हणून याला अर्थ आहे. पण मायामीचं नोटर डेमपेक्षा वरचढ असणं तिसऱ्याच संघाच्या निकालावर अवलंबून राहिलं, हे गणितात बसत नाही. नोटर डेमवाल्यांचा राग मला समजतो.

आणि त्याच शनिवारी अलाबामाही हरलं होतं! एसईसी कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाने त्यांना 28-7 धुतलं. बीवाययू खाली आलं, अलाबामा जागचं हललं नाही. बीवाययूचे दोन्ही पराभव एकाच संघाकडून, चौथ्या सीडच्या टेक्सस टेककडून. अलाबामा तर पहिल्याच सामन्यात फ्लोरिडा स्टेटकडून 31-17 हरलं होतं, आणि त्या फ्लोरिडा स्टेटचा सीझन 5-7 वर संपला. कॉन्फरन्सचा अंतिम सामना खेळणाऱ्याला हरल्याची शिक्षा नको, हे तत्त्व मला मान्य आहे. 2024 मध्ये एसएमयूला त्याच तत्त्वाने घेतलं होतं. पण मग ते बीवाययूलाही लागू व्हायला हवं होतं.

ऑस्टिनकर

कोलंबसकर, तुमच्या गावातलंच उदाहरण देतो. आमच्या टेक्ससने सीझनची सुरुवात केली तीच ओहायो स्टेटच्या मैदानावर. 14-7 हरलो. पुढे ओक्लाहोमाला 23-6 हरवलं, टेक्सस ए अँड एमला 27-17 हरवलं. हे दोघेही प्लेऑफमध्ये गेले आणि आम्ही 9-3 म्हणून तेराव्या क्रमांकावर बाहेर. ऑगस्टमध्ये कोलंबसला जाण्याऐवजी एखाद्या दुबळ्या संघाला ऑस्टिनला बोलावून हरवलं असतं तर 10-2 असतो आणि आत असतो. मग कुठला अथलेटिक डायरेक्टर (विद्यापीठाचा क्रीडाप्रमुख) शहाणपणाने तगडा प्रतिस्पर्धी घेईल? कठीण शेड्यूलचं श्रेय मिळत नसेल तर सप्टेंबरमधले चांगले सामने मरतील. प्रेक्षक म्हणून नुकसान आपलंच आहे.

कोलंबसकर

ऑस्टिनकर, तो सामना मी स्टेडियममध्ये बसून पाहिला. एवढा अटीतटीचा सामना सीझनच्या पहिल्या दिवशी बघायला मिळणं हे भाग्य, आणि असे सामने बंद व्हावेत असं मला अजिबात वाटत नाही. पण टेक्सस कोलंबसमुळे बाहेर गेलं नाही. फ्लोरिडाकडून 29-21 हरल्यामुळे गेलं, आणि त्या फ्लोरिडाने सीझनभरात चार सामने जिंकले. जॉर्जियाने तुम्हाला 35-10 हरवलं ते वेगळंच. कठीण शेड्यूलची ढाल सोप्या सामन्यातल्या पराभवापुढे कशी धरणार?

ऑस्टिनकर

फ्लोरिडाचा पराभव लाजिरवाणा होता, मान्य. पण अलाबामालाही तसाच एक पराभव होता, आकडेमोड यांनी वर लिहिलाच आहे. त्यांना नववी जागा मिळाली.

हूजर आई

माझी मुलगी ब्लूमिंग्टनला, इंडियाना विद्यापीठात शिकते, त्यामुळे मी निःपक्ष नाही. 2024 मध्ये इंडियाना 11-1 होती तेव्हा जो उठेल तो म्हणत होता, यांनी कोणाला हरवलंय? शेड्यूल फुसकं. नोटर डेमने पहिल्या फेरीत 27-17 हरवलं तर 'बघा, सांगत होतो' म्हणाले. 2025 मध्येही कॉन्फरन्सबाहेरचे तीन सामने कोणाशी? ओल्ड डोमिनियन, केनेसॉ स्टेट, इंडियाना स्टेट. पुन्हा तेच बोलणं.

मग या मुलांनी बिग टेन कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात ओहायो स्टेटला 13-10, रोझ बोलमध्ये अलाबामाला 38-3, ऑरेगनला 56-22 आणि शेवटी मायामीला मायामीच्याच मैदानावर हरवलं. 16-0. वर्षानुवर्षं हरण्याची सवय लागलेली ही शाळा. शेड्यूलवरून एखाद्या संघाची ताकद ठरवणाऱ्यांनी या संघाकडे बघावं. दुबळ्यांशी खेळणारा दुबळाच असतो असं नाही. तो किती चांगला आहे हे तुम्हाला अजून कळलेलं नसतं, इतकंच.

आकडेमोड

हूजर आई, शेवटचं वाक्य अगदी नेमकं आहे, आणि 'स्ट्रेंथ ऑफ शेड्यूल'चा सगळा घोळ तिथेच आहे. सप्टेंबरमध्ये कोण तगडा आहे हे आपण ठरवतो ते सीझनपूर्व रँकिंगवरून, म्हणजे गेल्या वर्षीच्या नावावरून. 2025 ला पेन स्टेट दुसऱ्या क्रमांकावर होतं. ऑरेगनने त्यांना त्यांच्या घरी 30-24 हरवलं तेव्हा सीझनमधला सर्वात मोठा विजय म्हणून गाजला. काही आठवड्यांत पेन स्टेट कोसळलं आणि त्या विजयाचं वजन विरघळलं.

2025 पासून कमिटीने एक नवीन मापही घेतलं. तुमच्या शेड्यूलवर दुसरा एखादा चांगला संघ खेळला असता तर त्याला तुमच्याइतके विजय मिळवणं किती अवघड गेलं असतं? मला हे जुन्या पद्धतीपेक्षा पटतं, कारण नुसतं कठीण शेड्यूल असण्याचे गुण त्यात मिळत नाहीत. ते कठीण शेड्यूल पार करण्याचे मिळतात.

कॉम्प्युटरवरच सगळं सोपवा असं मात्र मी म्हणणार नाही. 1998 ते 2013 च्या बीसीएस (प्लेऑफआधीची, अंतिम सामन्याचे संघ ठरवण्याची पद्धत) काळात तो प्रयोग झाला. किती गुणांच्या फरकाने जिंकलं हे त्या कॉम्प्युटरांना बघू द्यायचं नाही, असा नियम 2002 ला केला गेला. नाहीतर संघ दुबळ्यांना सत्तर-सत्तर गुणांनी चेचत बसले असते. पण मग 3 गुणांचा विजय आणि 40 गुणांचा विजय एकाच मापाने मोजला जाऊ लागला.

न्यू ऑर्लिन्सहून

इतक्या वेळात टुलेन आणि जेम्स मॅडिसन या लहान कॉन्फरन्सच्या विजेत्यांचं नावही कोणी घेतलं नाही. नोटर डेमची जागा मायामीने नाही तर या दोघांनी खाल्ली, असं म्हणणारे लोक मला रोज भेटतात. टुलेनचं रँकिंग 20, जेम्स मॅडिसनचं 24. टुलेन ओल मिसकडून 41-10 हरलं, जेम्स मॅडिसन ऑरेगनकडून 51-34. यांना घेतलंच कशाला, असं विचारतात.

घ्यायलाच हवं होतं. 2017 चं सेंट्रल फ्लोरिडा आठवा. 12-0. कमिटीने बाराव्या क्रमांकावर ठेवलं, कारण शेड्यूल. पीच बोलमध्ये त्यांनी ऑबर्नला 34-27 हरवलं. त्याच ऑबर्नने त्या सीझनमध्ये अलाबामाला आणि जॉर्जियाला दोघांनाही हरवलं होतं, आणि अंतिम सामना खेळले ते अलाबामा आणि जॉर्जिया! मोठे संघ यांच्याशी खेळायला तयार होत नाहीत, आणि मग खेळले नाहीत म्हणून यांनाच दोष. दार बंद करून आत का आला नाहीस असं विचारण्यासारखं आहे हे.

आणि जेम्स मॅडिसनला जागा मिळाली कारण मायामीची कॉन्फरन्स एसीसी जिंकली ड्यूकने, तेही पाच पराभवांमुळे रँकिंगमध्ये मागे असलेल्या. तो एसीसीचा प्रश्न.

साउथबेंडवासी

ताई, टुलेनबद्दल माझी तक्रार नाही. कॉन्फरन्स जिंकून आले, हक्काने आले. माझी तक्रार अलाबामाबद्दल आहे. आम्ही स्टॅनफर्डला 49-20 हरवलं त्या आठवड्यात अलाबामाने ऑबर्नला 27-20 हरवलं आणि ते आमच्या वर गेले. तिथेच आमची जागा गेली. मायामी ही नंतरची गोष्ट.

कोलंबसकर

हे तुमचं म्हणणं मी मान्य करतो. शीर्षक बदलणार नाही, पण अलाबामा आणि नोटर डेम यांच्यात मीही नोटर डेमला घेतलं असतं. दर मंगळवारच्या याद्याही बंद कराव्यात. त्या टीव्हीसाठी आहेत. एकदा जाहीर केलेल्या क्रमाशी कमिटी बांधली जाते आणि शेवटी सोडवताना तारांबळ उडते.

सीडिंगबद्दल मात्र कोणीच बोललं नाही. 2024 ला पहिले चार सीड कॉन्फरन्स विजेत्यांनाच द्यायचे होते, म्हणून रँकिंगमध्ये नववी असलेली बॉइझी स्टेट तिसरी सीड आणि बारावं ॲरिझोना स्टेट चौथं. पहिला क्रमांक मिळवलेल्या ऑरेगनच्या वाट्याला उपांत्यपूर्व फेरीत आलं ओहायो स्टेट, आणि आम्ही त्यांना 41-21 हरवलं. मला आनंद झाला, पण ऑरेगनवर अन्याय होता. 2025 ला रँकिंगप्रमाणे सरळ सीड दिले, ते योग्य केलं. तरी बाय मिळालेल्यांचं (पहिली फेरी न खेळता पुढे गेलेल्या चौघांचं) काय झालं? 2024 ला चारही हरले. 2025 ला ओहायो स्टेट, जॉर्जिया, टेक्सस टेक हरले, एकटं इंडियाना जिंकलं. दोन वर्षांत आठपैकी सात! उलट पहिल्या फेरीत घरच्या मैदानावर खेळणारे आठपैकी सहा जिंकले. 6 डिसेंबरला खेळून 31 ला पुन्हा उतरायचं, मध्ये पंचवीस दिवस, ही विश्रांती आहे की गंज? पहिल्या चौघांनाही उपांत्यपूर्व सामना आपल्याच कँपसवर द्यायला हवा. हे सामने भरवणारे बोलवाले ऐकणार नाहीत, पण मागणी तर करू या.

हूजर आई

रोझ बोल सोडून? आम्ही त्यासाठी पसाडेनाला गेलो होतो. डोंगरामागे सूर्य मावळताना ते मैदान बघितलं आहे मी. ब्लूमिंग्टनवर माझा जीव आहे, तरी या एका मागणीवर मी सही करणार नाही.

साउथबेंडवासी

माझी सही धरा. डिसेंबर 2024 मध्ये इंडियानाविरुद्धचा सामना इथे झाला तेव्हा गावात जो उत्साह होता तो कुठल्याही बोलमध्ये नसतो. आणि 2026 ला मायामी साउथ बेंडला येतंय. कोलंबसकर, तुम्हाला गाडीने चार-साडेचार तास लागतील. जेवण आमच्याकडे, सामन्यानंतर बोलू.